डोळ्यांची उजळणी

पानात टाकलेलं मला खपत नाही. आईला खपत नव्हतं, मला खपत नाही, आणि इंग्लंडात, वॉटफर्डमध्ये अर्धा जन्म काढूनही त्यात फरक पडलेला नाही. म्हणून गेल्या वर्षी आमचे हे रोज ताटात भात ठेवून उठायला लागले, तेव्हा मी आधी रुसले आणि मग चिडले. ताटाच्या पलीकडच्या काठावरची कोशिंबीर चाटूनपुसून साफ, भाजी संपलेली, आणि अलीकडे, अगदी त्यांच्या छातीजवळ, भाताची मूद जशीच्या तशी. शर्टावर मात्र आमटीचे ओघळ.

"भात नको होता तर आधी सांगायचं ना," मी म्हणाले.

"भात वाढला होतास?"

"डोळे आहेत की बटणं?"

हे माझ्याकडे बघत राहिले. हल्ली ते असंच बघायचे. पापणी लवत नाही, भुवया जरा उचललेल्या, कायम कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा. मला ते बघणं उर्मट वाटायचं. इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोला नवऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचं मन कळतं म्हणतात. मला कळलं ते असं, की निवृत्त झाल्यावर हा माणूस बेफिकीर झालाय आणि माझ्या स्वयंपाकाला तोंडाने नावं न ठेवता नावं ठेवायची युक्ती त्याने शोधून काढलीय.

खरं तर हे स्ट्रक्चरल इंजिनिअर. भिंतीवरची तसबीर जराशी कलली तरी दारातून आत येता येता त्यांना दिसायची. शेजाऱ्याने नवीन कुंपण घातलं तेव्हा ते शेवटाकडे उतरतंय हे यांनी नुसतं बघून सांगितलं. शेजाऱ्याने लेव्हल लावून खात्री केली आणि पुढे बरेच दिवस तो आमच्याशी बोलला नाही. अशा माणसाला स्वतःच्या पुढ्यातला भात दिसत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? मी तरी ठेवला नाही. खुर्चीतून ते झटकन उठायचे आणि तसेच मागच्या मागे धपकन बसायचे, तेव्हा मी म्हणायचे, सावकाश उठता येत नाही का. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर दोनदा पडले, तेव्हा मी म्हणाले, लक्ष कुठे असतं तुमचं. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला एक वाक्य तयार असायचं.

मग पिनरचा गणपती आला. तिथे आमच्या ओळखीच्या एका घरी दीड दिवसाचा गणपती असतो आणि वॉटफर्डपासून वेम्ब्लीपर्यंतची सगळी मराठी मंडळी दर्शनाला येतात. पाऊस लागू नये म्हणून त्या घरच्या वहिनींनी दाराच्या आत, हॉलमध्ये रांगोळी घातली होती. मोर होता, पिसाऱ्यात गुलाबी आणि निळा रंग भरलेला. येणारे लोक बूट काढून, साड्या सावरत, भिंतीला चिकटून कडेकडेने आत जात होते. आमचे हे बूट काढून सरळ मोरावरून चालत गेले. सावकाश, ताठ मानेने, एकदाही खाली न बघता. पुढच्या खोलीतल्या क्रीम कार्पेटवर त्यांच्या मोज्यांचे गुलाबी ठसे थेट गणपतीपर्यंत उमटले.

"असू दे हो, रांगोळी काय, पुसायचीच असते," वहिनी म्हणाल्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या. पण मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "काकांनी आज लवकरच सुरू केलेली दिसते," आणि दोघंतिघं हसले.

मीसुद्धा हसले. माझा नवरा आयुष्यात कधी दारूला शिवलेला नाही. तरी त्या क्षणी, त्याला काय होतंय हे मलाच माहीत नाही असं चारचौघांत कबूल करण्यापेक्षा, तो पिऊन आलाय असं लोकांना वाटू देणं मला सोपं गेलं. परतताना गाडीत मी त्यांना घरी पोचेपर्यंत बोलत होते. ते म्हणाले, "रांगोळी होती का?" आणि मला वाटलं, आता हा माणूस माझी चेष्टा करतोय.

आमची लेक ग्लासगोला असते, एका बँकेत. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी तिचं तिचं स्वतःचं आहे. दिवाळीला ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"आई, बाबाची डोळे हलतच नाहीत. तू नोटीस केलं नाही? मी खाली बसून त्याच्याशी बोलली ना, तर तो पूर्ण मान खाली करतो. लाइक, फक्त मान. डोळे तिथेच असतात."

"लक्ष नसतं गं त्यांचं."

"लक्ष नाही, आई. समथिंग इज राँग. तू त्याच्यावर ओरडू नको आणि जीपीला दाखव. प्लीज."

मग जीपी, म्हणजे आमचे नेहमीचे डॉक्टर, झाले, आणि जीपींनी पाठवलं म्हणून लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूचे डॉक्टर झाले. पिकल्या केसांचे, हळू बोलणारे इंग्रज गृहस्थ. त्यांनी ह्यांना बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, पेनाच्या टोकामागे डोळे फिरवायला सांगितले. मग खुर्ची आमच्याकडे ओढून म्हणाले, "हा पार्किन्सन असू शकतो. त्याला गोळ्या आहेत, चांगल्या लागू पडतात, लोक वर्षानुवर्षं नीट जगतात. पण पार्किन्सनचा एक दूरचा भाऊ आहे, दुर्मीळ. तो तोल आणि डोळे आधी धरतो आणि त्याच्यावर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तो पुढेही लवकर सरकतो. स्कॅन करू, आणि डोळ्यांच्या हालचालींचं नीट रेकॉर्डिंग करू. त्यानंतरच मी काय ते बोलेन."

म्हणजे डोळ्यांच्या परीक्षेत पास झाले तर पार्किन्सन, नापास झाले तर तो दुसरा. मी हे असं समजून घेतलं. घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि नवऱ्याला पार्किन्सनच होऊ दे म्हणून हात जोडले. असलं मागणं मागणारी मी पहिलीच असेन.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी घरी मुलांना शिकवते. इथे ग्रामर स्कूलमध्ये जायचं तर दहा-अकरा वर्षांच्या मुलांना इलेव्हन प्लस नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि आपल्या लोकांचा त्या परीक्षेवर देवाइतकाच विश्वास. माझी मुलं बहुतेक पास होतात, कारण मी त्यांना घासून घेते. सरावाने काहीही जमतं, हे मी आयुष्यभर सांगत आले. माझं एकटीचंच नाही, आपल्या सगळ्यांचंच ते वळण. कुठलीही परीक्षा म्हटली की आम्ही आधी मागच्या वर्षीचे पेपर शोधतो. इथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेच्या वेळी मी ह्यांच्याकडून राजेराण्यांच्या सनावळ्या घोकून घेतल्या होत्या. माझ्या वडिलांनी तर नोकरीच्या मेडिकलला डोळे तपासताना तक्त्याची शेवटची ओळ पुढच्या उमेदवारांकडून ऐकून पाठ म्हटली होती, आणि ती हकिकत आमच्या घरी कौतुकाने सांगितली जायची. पुढे जन्मभर त्यांना समोरून येणारी बस दिसत नसे, ते कुणी सांगत नसे.

हॉस्पिटलातून टेस्टची तारीख सांगायला फोन आला तेव्हा मी विचारलं, तयारी काय करायची? पलीकडची मुलगी म्हणाली, काहीच नाही, चष्मा आणा. मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, असं कसं काहीच नाही.

इंटरनेटवर सगळं होतं. पडद्यावर ठिपका उमटतो, त्याच्याकडे फक्त डोळ्यांनी बघायचं, मान हलवायची नाही. ठिपका डावीकडे, उजवीकडे, वर, खाली उड्या मारतो आणि कॅमेरा डोळ्यांचा वेग मोजतो. मग एक अवघड प्रकार असतो, त्यात ठिपका दिसेल त्याच्या बरोबर उलट बाजूला बघायचं. मला हे सगळं वाचून बरं वाटलं. अभ्यासक्रम कळला की निम्मं काम होतं.

बैठकीच्या खोलीत सोफ्यासमोरच्या भिंतीवर मी टिकल्या लावल्या. काळ्या, गोल, मोठ्या. एक मध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर आणि एक खाली, जमिनीलगतच्या स्कर्टिंगच्या पट्टीच्या जरा वर. रोज संध्याकाळी चहा झाला की मी ह्यांना सोफ्यावर बसवायचे आणि विणकामाची सुई घेऊन भिंतीपाशी उभी राहायचे.

"उजवी. मध्ये. डावी. मध्ये. वर. अहो, वर! आता खाली."

आडवं जमायचं. वर जाताना डोळे रेंगाळायचे. खालच्या टिकलीपाशी सगळं अडायचं. हे मान घालून बघायचे.

"मान नाही हलवायची. नुसते डोळे."

"नुसतेच हलवतोय."

"हलवताय कुठे? माझ्याकडे बघताय. टिकलीकडे बघा."

मान हलू नये म्हणून मी त्यांच्या डोक्यावर इलेव्हन प्लसच्या व्हर्बल रीझनिंगचं पुस्तक ठेवायला लागले. पुस्तक पडलं की पुन्हा पहिल्यापासून. दारावरून जाणाऱ्या कुणी खिडकीतून आत बघितलं असतं, तर त्याला काय दिसलं असतं? पासष्टी उलटलेला एक गृहस्थ डोक्यावर पुस्तक घेऊन शिक्षा झाल्यासारखा बसलाय आणि एक बाई हातात सुई घेऊन त्याच्यावर खेकसतेय. मला तेव्हा यातलं काही दिसलं नाही. मला वाटायचं, मी ह्यांना वाचवतेय. शिवाय मला राग येत होता. आळशी मुलाचा येतो तसा. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. मन लावून करत नाही तुम्ही, असंही म्हणाले, एकदा नाही, बऱ्याचदा.

आणि हे माणूस म्हणून असे की कधी उठून गेले नाहीत. "चल, तुझा क्लास घे," असं म्हणून स्वतःच सोफ्यावर येऊन बसायचे.

एका संध्याकाळी त्यांना युक्ती सापडली. खालची टिकली म्हटल्यावर त्यांनी डोळे गच्च मिटले आणि उघडले, तर उघडताना डोळे खाली गेलेले. अगदी टिकलीवर नाही, पण खाली. मी ओरडलेच, "शाब्बास!" आणि ह्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. कित्येक महिन्यांत तो चेहरा असा हलला नव्हता. त्यांनी पुन्हा करून दाखवलं. मी पुन्हा शाब्बास म्हणाले. त्या रात्री आम्ही दोघं चांगले जेवलो.

पुढचे दिवस मी ती युक्ती घासूनपुसून घेतली. डोळे एवढे गच्च नका मिटू, लक्षात येतं. सहज पापणी लवल्यासारखं करा. त्याबरोबर हनुवटी किंचित, अगदी किंचित खाली घ्या, कुणाला कळणार नाही. याला आमच्या धंद्यात एक्झाम टेक्निक म्हणतात. लबाडी म्हणायची माझी तयारी नव्हती.

टेस्टच्या दिवशी मी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. खोली लहान होती, पडदे ओढलेले. टेस्ट घेणारी मुलगी तरुण होती, चटपटीत, बोलणं थेट ग्लासगोचं, त्यामुळे मला उगाचच ती आपल्या लेकीच्या बाजूची वाटली. तिने ह्यांची हनुवटी एका खाचेत टेकवली, कपाळ पट्टीला लावायला सांगितलं आणि मला मागे खुर्ची दिली. "काही बोलू नका हं," एवढंच म्हणाली. तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मला तिरका दिसत होता. त्यावर दोन रेघा धावत होत्या, एक ठिपक्याची आणि एक ह्यांच्या डोळ्यांची.

डावं-उजवं झालं. मी मनातल्या मनात प्रत्येकाला बरोबरची खूण करत होते. वरचं ठीकठाक झालं. मग ठिपका खाली गेला. हे पापणी लववून, हनुवटी चोरून खाली गेले. पुन्हा ठिपका खाली, पुन्हा पापणी. मला माझा विद्यार्थी स्टेजवर बघतेय असं झालं होतं.

मुलीने यंत्र थांबवलं. "एक विचारू?" ती ह्यांना इंग्रजीत म्हणाली. "दर वेळी खाली बघायच्या आधी तुम्ही पापणी मिटता. हनुवटीही खाली सरकतेय. हे आपोआप होतंय, की तुम्ही मुद्दाम करताय?"

"मुद्दाम," हे म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "माझ्या बायकोने शिकवलंय."

"तुमच्या बायकोने?"

"ती टीचर आहे. इलेव्हन प्लसची. तिची सगळी मुलं पास होतात." हल्ली ह्यांचा आवाज घोगरा आणि एकसुरी झाला होता, पण त्या वेळी त्यात जीव होता. "रोज संध्याकाळी माझा सराव घेते. कडक आहे. पण वेळ देते." आणि एवढं बोलून, हनुवटी खाचेतून काढून, ते सगळ्या अंगाने मागे वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात केवढा अभिमान होता! माझ्यासाठी, माझ्याबद्दल. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

ती मुलगी हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. तिने शांतपणे मला विचारलं, सराव नक्की कसा घेतला? आणि मला सगळं सांगावं लागलं. भिंतीवरचे ठिपके. डोक्यावरचं पुस्तक. पापणीची युक्ती. इंग्रजीत सांगताना ते सगळं जास्तच उघडं वाटत होतं. माझे कान तापले होते. आयुष्यभर मी कॉपी करणाऱ्या मुलांच्या आयांना समोर बसवून समज देत आले, आज मी त्या आयांच्या खुर्चीत होते.

"कळलं ते बरं झालं," ती म्हणाली. "पापणी मिटली की डोळ्यांना एक धक्का मिळतो. नाहीतर रेकॉर्डिंग ते आहेत त्याहून बरं दिसलं असतं." मग ती ह्यांच्याकडे वळली, त्यांची हनुवटी नीट टेकवली. "आता डोळे उघडे ठेवायचे. फक्त बघायचा प्रयत्न करा. नाही जमलं तरी चालेल."

नाही जमलं तरी चालेल. हे चार शब्द मी ह्यांना एकदाही म्हटले नव्हते.

ठिपका खाली गेला. कॉम्प्युटरवर ठिपक्याची रेघ पायरी उतरावी तशी खाली उतरली. डोळ्यांची रेघ सपाट राहिली. ठिपका वर आला, पुन्हा खाली गेला. रेघ सपाटच. मी रेघेवरून नजर काढली आणि ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती, बोटांची पेरं पांढरी झाली होती. मानेवरची शीर फुगली होती. जड सामान उचलताना माणूस श्वास कोंडतो, तसा त्यांनी श्वास कोंडला होता. घरी मी भिंतीपाशी उभी असायचे, टिकलीकडे सुई धरून. ह्यांच्या हातांकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

तिने फोन करून डॉक्टरांना बोलावलं. तेच पिकल्या केसांचे गृहस्थ आले, रेघा बघितल्या, तिच्याशी दोन वाक्यं बोलले. त्या वाक्यांत माझा उल्लेख असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण रागाने नाही. मग ते म्हणाले, "इकडे या. त्यांच्या समोर बसा. तुम्हालाही बघायला मिळेल."

मी ह्यांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. डॉक्टर ह्यांच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी ह्यांचं डोकं दोन्ही बाजूंनी हलकेच धरलं. "बायकोच्या नाकाकडे बघत राहा. दुसरं काही करू नका."

हे माझ्या नाकाकडे बघायला लागले. डॉक्टरांनी त्यांचं डोकं सावकाश मागे कलवलं. हनुवटी वर आली, आणि वर येता येता ह्यांचे डोळे अलगद खाली उतरले. न अडता, न थरथरता, माझ्या नाकावरून जराही न हलता. खालच्या पापण्यांच्या कडेपर्यंत बुबुळं आली. त्या डोळ्यांना खाली जाताना मी किती काळानंतर बघत होते. मला वाटलं, जमलं! आणि मी बोलून गेले, "बघा, जातात की!"

"जातात," डॉक्टर म्हणाले. "डोळे चांगले आहेत. स्नायूही चांगले आहेत. डोकं हललं की डोळे स्थिर ठेवायची एक जुनी, आपोआप चालणारी सोय मेंदूत खाली असते, ती शाबूत आहे. पण खाली बघ असा हुकूम जिथून निघतो, तिथून तो पोचत नाही. ते ठरवतात तेव्हा डोळे जात नाहीत. त्यांनी ठरवलेलं नसतं तेव्हा जातात."

मी तरीही विचारलं. का विचारलं माहीत नाही. बहुतेक मला अजून सुटायची वाट हवी होती. "म्हणजे प्रयत्न कमी पडतात, असं नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "प्रयत्न त्यांनी कुठेच कमी केलेला नाही."

मग त्यांनी स्कॅन दाखवला, आणि आम्हाला त्या दूरच्या भावाचं नाव सांगितलं. लांबलचक नाव होतं. डॉक्टर सगळं ह्यांच्याकडे बघून बोलत होते, माझ्याकडे बघून नाही, हे मला आवडलं. कितपत वेगाने, गिळायला त्रास कधी होऊ शकतो, घरात कठडे कुठे बसवायचे, पडणं कसं टाळायचं, कोण घरी येऊन मदत करेल. आमचे हे सगळं ऐकत होते. खांदे ताठ, चेहरा हल्ली असायचा तसा. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी थँक यू म्हणाले आणि त्या मुलीलाही आठवणीने थँक यू म्हणाले.

कार पार्कमध्ये मी त्यांना आधी बसवलं, पट्टा लावला, वळसा घालून माझ्या जागी बसले. किल्ली हातात होती. गाडी सुरू करायची हे कळत होतं, पण हात पुढे जात नव्हता. काचेवर बारीक पाऊस पडत होता. मी लाज हा शब्द मुलांना वाक्यात उपयोग करायला देते. तो कुठे लागतो हे मला त्या गाडीत कळलं. पोटात लागतो. मला रडूही येत नव्हतं, कारण रडायचा हक्क मला नाही असं वाटत होतं. लेकीला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे जुळवत मी समोर बघत बसले. बाजूला बघायची हिंमत नव्हती.

"अगं," हे म्हणाले.

"काय?"

"चिडलीस?"

मी वळले. ते माझ्याकडेच बघत होते, कधीपासून कोण जाणे.

"कशासाठी चिडेन?"

"खालचं नाही जमलं मला." थोडं थांबून त्यांनी शब्द जमवले. "तू एवढी मेहनत घेतलीस. मी करत होतो गं. तुला वाटायचं करत नाही, पण करत होतो."

"नाही," मी म्हणाले. "नाही चिडले मी."

"खरं?"

"खरं."

आजाराचं नाव ऐकताना जे खांदे तसूभर हलले नव्हते, ते आता खाली आले. त्यांनी लांब श्वास सोडला आणि डोकं सीटला टेकवलं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, घरी गेल्यावर बोलणी खावी लागणार."